सरांना कोण सांगणार

श्रीशैल बिरादार विभागप्रमुख झाला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. त्याच्या आधी अकरा वर्षं त्या खुर्चीवर बसलेले गुंडप्पा हुडगे सर अठ्ठावन्नचे. बिदरच्या बाहेर, हुमनाबाद रस्त्याला लागून असलेलं त्यांचं इंजिनिअरिंग कॉलेज दोन वर्षांपूर्वी खासगी विद्यापीठ झालं होतं, आणि प्रमुखाकडे पीएच.डी. हवी असं नव्या नियमात लिहिलं होतं. हुडगे सरांकडे ती नव्हती. श्रीशैलकडे होती, पण ती त्याला मिळाली सरांमुळेच.

श्रीशैल कोहिनूरचा. बसवकल्याण तालुक्यातल्या त्या गावातून तो या कॉलेजात सिव्हिलला आला, तेव्हा त्याला इंग्रजीत एक वाक्य धड बोलता येत नव्हतं. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले. सगळ्यात मागच्या बाकावर बसायचं आणि कुणाच्या नजरेला पडायचं नाही, एवढंच त्याचं धोरण होतं. हुडगे सर सर्व्हेइंग, म्हणजे जमीनमोजणी शिकवायचे. श्रीशैलने काढलेला नकाशा त्यांनी एकदा वर्गात सगळ्यांना दाखवला, आणि हा कुणी काढला असं विचारलं. तो उठून उभा राहिला तेव्हा सरांनी फक्त मान हलवली. त्या दिवसापासून तो पुढच्या बाकावर बसू लागला.

पास झाल्यावर सरांनीच त्याला लेक्चरर म्हणून ठेवून घेतलं. पहिलं वर्षभर सर त्याच्या वर्गाच्या दाराबाहेर उभं राहून ऐकत आणि नंतर व्हरांड्यात दोन वाक्यांत सांगत. पोरांकडं बघून बोल, फळ्याला काय कळत न्हाई, हे त्यातलंच एक. पुढे पीएच.डी.साठी बाहेर जायची वेळ आली. घरची शेती, म्हाताऱ्या अप्पांचं दुखणं, अशी कारणं सांगून श्रीशैल मागे सरायला लागला, तेव्हा सरांनी त्याच्या सगळ्या तासांची जबाबदारी स्वतःवर घेतली. तीन वर्षं त्यांनी दोन माणसांचं काम केलं. त्याबद्दल ते कधी कुणाशी बोलले नाहीत.

खुर्ची सोडायच्या दिवशी सरांनी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर आणून दारावरची आपल्या नावाची पाटी काढली. कपाटांच्या किल्ल्या टेबलावर मांडून कोणती कशाची ते समजावलं. श्रीशैल म्हणाला की खोली तुमच्याकडेच राहू दे, मी स्टाफरूममध्ये बसतो. सर म्हणाले की खोली माणसाची नसते, कामाची असते, आणि आपली वह्यांची पिशवी घेऊन स्टाफरूममधल्या खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसले. श्रीशैलला बरेच दिवस त्या खुर्चीत पाठ टेकून बसवत नव्हतं.

जुलैत कुलसचिव राजशेखर यांनी सगळ्या प्रमुखांना बोलावून एक नवी योजना सांगितली. प्रत्येक प्रमुखाने वर्षातून एकदा आपल्या प्रत्येक सहकाऱ्याच्या तासाला किंवा प्रॅक्टिकलला पूर्ण वेळ बसायचं. नंतर त्याच्याशी बोलायचं. काय चांगलं आहे, काय कमी पडतं आणि ते भरून काढायला विद्यापीठाने कोणती मदत करायची, हे अर्ध्या पानात लिहून द्यायचं. कागदावर सहकाऱ्याचीही सही हवी. राजशेखर यांनी दोनदा सांगितलं की हे कागद कुणाला काढून टाकण्यासाठी नाहीत. खोलीतल्या कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही, आणि स्टाफरूममध्ये ही बातमी पोचेपर्यंत ती योजना नोकरकपातीची झाली होती.

श्रीशैलच्या विभागात आठ जण होते. त्याने सुरुवात तेजश्री मेत्रेपासून केली, कारण ती सगळ्यात नवी होती. सत्तावीस वर्षांची तेजश्री अफझलपूर तालुक्यातल्या करजगीची. तिचे आजोबा मेंढरं घेऊन कोसकोस फिरलेले, वडील शेती करतात, आणि घरात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली ती पहिलीच. तिचा अभ्यास पक्का होता, पण शिकवताना ती घाईत असायची. प्रश्न विचारायची आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच उत्तर देऊन पुढे जायची. अर्धा वेळ पाठ वर्गाकडे. श्रीशैलने हे सगळं तिला समोर बसवून सांगितलं आणि कागदावर लिहिलंही. तिने खाली मान घालून ऐकलं. सही करताना तिचं पेन दोन क्षण थांबलं. पण पंधरा दिवसांनी तो व्हरांड्यातून जात असताना तिचा वर्ग शांत होता, आणि ती एका पोराच्या उत्तराची वाट बघत हात बांधून उभी होती. प्रमुख म्हणून आपल्या हातून काहीतरी बरं झालं असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

एकेक करत सात जण झाले. हुडगे सरांचा नंबर त्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता.

सप्टेंबरमधल्या एका सकाळी तो सरांच्या फील्ड प्रॅक्टिकलला गेला. कॅम्पसच्या मागे तांबड्या मुरमाड जमिनीचा मोठा तुकडा आहे. एका बाजूने उतार होत होत तो ओढ्याला मिळतो, आणि पलीकडे कोळार औद्योगिक वसाहतीच्या शेड दिसतात. बत्तीस मुलंमुली गोळा झाली होती. सरांनी पहिली दहा मिनिटं कुठलंही उपकरण न घेता नुसतं बोलून घालवली. पायाखालची माती बघा, इथलं गवत वेगळं का आहे, पाऊस पडला तर पाणी कुणीकडून जाईल, त्या शेडवाल्याने पाया कुठे चुकवलाय ते इथून दिसतं का. मुलं जमिनीकडे बघत होती, वाकून माती हातात घेत होती. श्रीशैललाही आपण पुन्हा विद्यार्थी झाल्यासारखं वाटलं.

मग टोटल स्टेशन आलं. कोन आणि अंतर दोन्ही एका दमात मोजून आत साठवणारं हे यंत्र विभागात आठ वर्षांपासून आहे, आणि बाहेरच्या कुठल्याही कामावर आता त्याच्याशिवाय चालत नाही. सरांनी लॅबमधल्या धोंडप्पाला हाक मारली, यंत्र लावायला सांगितलं आणि स्वतः लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसले. धोंडप्पाने तिपाईवर यंत्र चढवलं. दोन धीट मुलं पुढे झाली. एक मुलगा लांब काठीवर बसवलेला आरसा, म्हणजे प्रिझम, घेऊन ओढ्याकडे गेला. उरलेली सगळी मोबाइल बघत उभी राहिली.

थोड्या वेळाने ज्योत्स्ना नावाची एक मुलगी वही घेऊन झाडाखाली आली. ओढ्याजवळची जागा यंत्रात आपण उभे आहोत त्याच्याहून उंच दिसतेय, असं कसं, असं तिने विचारलं. सरांनी वहीतला आकडा बघितला आणि मान वर करून उताराकडे बघितलं. हे चूक आहे हे त्यांना तत्काळ कळलं. पाणी खाली जाणार, वर कसं चढेल, असं ते म्हणालेही. पण चूक कुठे झाली ते त्यांना सांगता येईना. यंत्र बिघडलं असेल, धोंडप्पाला विचार, असं म्हणून त्यांनी वही परत दिली. धोंडप्पाला यंत्र लावता यायचं, त्यापुढचं नाही. मुलीने तोच आकडा वहीत ठेवला आणि तिच्या वहीतून तो सगळ्या वह्यांत गेला.

प्रिझमच्या काठीची उंची यंत्रात भरायची राहिली होती, म्हणून जमीन काठीएवढी वर दिसत होती, हे झाडाखाली थोडं पलीकडे बसलेल्या श्रीशैलला पन्नास पावलांवरचं यंत्र न बघताच कळलं होतं. तो उठला नाही. बत्तीस पोरांसमोर सरांची चूक आपण काढायची, हे त्याच्याने होईना. तास संपला, मुलं गेली. सर स्वतः यंत्र कधी लावतात का, असं त्याने यंत्र पेटीत ठेवणाऱ्या धोंडप्पाला सहज विचारल्यासारखं विचारलं, तेव्हा धोंडप्पा पेटीची कडी लावत म्हणाला, "सर त्याला हात लावत न्हाईत. पयल्यापासूनच न्हाई. तुमाला म्हाईत न्हवतं व्हय?"

त्या संध्याकाळी श्रीशैलने कागद भरला. सरांचा अनुभव आणि विषयाची जाण असाधारण आहे, कोणत्याही मदतीची गरज नाही, अशा दोन ओळी लिहिल्या आणि सरांच्या सहीसाठी त्यांच्या टेबलावर ठेवून दिल्या. सरांनी न वाचताच सही केली. कागद परत आला तेव्हा श्रीशैलला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि बसने घरी जाईपर्यंत ते वाटणं नाहीसं झालं होतं.

विभागाचे सगळे कागद एकत्र करून कुलसचिवांकडे पाठवायचं काम तेजश्रीकडे होतं. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या खोलीत आली, दार लोटून घेतलं, आणि बोलू का असं विचारलं. कागदांचा गठ्ठा तिच्या हातात होता.

"सर, माझ्या कागदावर तुम्ही अर्धं पान लिहिलंत," ती म्हणाली. "वाचताना वाईट वाटलं. पण मी ते घरी नेऊन चार वेळा वाचलं. माझ्यात काहीतरी होण्यासारखं आहे म्हणून एवढं लिहिलंय असं मी धरलं होतं. आता हुडगे सरांच्या दोन ओळी बघितल्या. मग वाटलं, मी नवी आहे, माझ्यामागं कुणी नाही, म्हणून मला खरं सांगितलं का?"

श्रीशैलने गठ्ठ्यासाठी हात पुढे केला, तिने तो टेबलावर ठेवला. तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तिसऱ्या वर्षाची मुलं गेलं वर्षभर दर शनिवारी दुपारी तिच्याकडे टोटल स्टेशन शिकायला येतात. सरांना कळू नये म्हणून कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला, वसतिगृहाच्या मागे. ओढ्याच्या त्या चुकीच्या आकड्याच्या बत्तीस वह्या तिने याच शनिवारी दुरुस्त करून घेतल्या होत्या.

"सगळ्यांना म्हाईत आहे सर," ती म्हणाली. घाईत तिची करजगीची बोली मध्येच डोकावायची. "पोरांनाबी. फक्त सरांना कुणी सांगत न्हाई."

ती गेल्यावर श्रीशैल बराच वेळ गठ्ठ्यासमोर बसून राहिला. आपण सरांचा मान राखतो आहोत असं तो धरून चालला होता. आता त्याला दिसलं की पोरं सरांना चुकवून दुसरीकडे जातात, धोंडप्पा त्यांच्या मागे सांभाळून घेतो, आणि आपणही त्या सगळ्यांत सामील झालो आहोत. सर आपल्याशी असं वागले असते तर आपण अजून मागच्या बाकावर असतो. त्याने गठ्ठ्यातून सरांचा कागद काढून फाडला. फाडणं सोपं होतं. त्यानंतर पाच दिवस रोज सकाळी तो आज बोलायचं असं ठरवून यायचा, स्टाफरूमच्या दारापर्यंत जायचा आणि दुसऱ्याच कुठल्या तरी कामाचं विचारून परत यायचा.

शेवटी रविवारी सकाळी तो सरांच्या घरी गेला. बिदरमध्ये जुन्या गावाबाहेरच्या वसाहतीत सरांचं बैठं घर आहे. सरांच्या पत्नी गुरुबाई त्याला लेकासारखं मानायच्या, तो त्यांना अक्का म्हणायचा. त्यांनी भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुसला करून पुढे ठेवला, घरच्यांची चौकशी केली, तू वाळलास म्हणाल्या. समोरची ताटली संपेपर्यंत श्रीशैलच्या तोंडून कामाचा शब्द निघाला नाही. सरांनी ते ओळखलं असावं. ते उठले आणि त्याला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे कढीपत्त्याचं झाड होतं आणि धुणं धुवायचा दगड होता. सर दगडावर बसले.

"बोल," ते म्हणाले. "कामून आलास?"

श्रीशैलने सांगितलं. त्याने शब्द पाठ करून आणले होते, पण त्यातला एकही आठवला नाही. पहिली दहा मिनिटं तुम्ही जे शिकवलंत ते या विद्यापीठात दुसऱ्या कुणाला येत नाही, असं तो आधी म्हणाला. मग म्हणाला की त्यानंतरचा दीड तास वाया गेला. मुलं यंत्र शिकली नाहीत. चुकीचा आकडा बत्तीस वह्यांत गेला, तो मला दिसत होता आणि मी गप्प बसलो. मुलं शनिवारी दुसरीकडे शिकतात हेही त्याने सांगितलं, तेजश्रीचं नाव मात्र घेतलं नाही. आणि शेवटी, तुमच्या टेबलावर ठेवलेला तो कागद खोटा होता, असं सांगितलं.

सर खाली बघत होते. आतून गुरुबाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"लिहून झालंय, का आधी सांगाय आलास?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं न्हाई अजून. आधी तुम्हाला सांगायचं होतं."

"मग लिव्ह," सर म्हणाले. "खरं असंल ते लिव्ह. मी सही करतो. आता जा."

श्रीशैल निघाला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. दारात गुरुबाईंनी इतक्यात कुठे निघालास म्हणून विचारलं, तो चपला घालून पायरी उतरला.

सोमवारी त्याने अर्धं पान लिहिलं. सरांनी या वेळी कागद पूर्ण वाचला, सही केली, आणि त्याच पेनाने पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज लिहून दिला. इतक्या वर्षांत त्यांनी सलग दोन दिवस रजा घेतली नव्हती. स्टाफरूममध्ये लगेच बोलणं सुरू झालं. ज्याने वर आणलं त्यालाच याने खाली ढकललं, असं एक ज्येष्ठ सहकारी श्रीशैलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. कुलसचिवांनी बोलावून घेतलं. सर राजीनामा देणार असं त्यांच्या कानावर आलं होतं. कागद मागे घेता येईल, अजून वर गेलेला नाही, असं राजशेखर म्हणाले, आणि ते चांगल्या मनाने म्हणाले. श्रीशैलने एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याने सांगितलं की कागद तसाच वर जाऊ दे. हे सांगताना त्याला खात्री नव्हती. सर खरंच गेले असते तर आपण बरोबर होतो असं त्याला कधीच म्हणता आलं नसतं.

त्या पंधरा दिवसांत सरांचे तास त्यानेच घेतले.

सर सोळाव्या दिवशी आले. त्यांनी श्रीशैलला नमस्कार केला, बिरादार सर म्हणून. आजवर ते त्याला श्रीशैल म्हणत आले होते. मग ते तेजश्रीच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. ती उठून उभी राहिली.

"शनवारी पोरं तुझ्याकडंच येतात न्हव?" त्यांनी विचारलं. "कितीला बसतंय तुजं काम?"

तिचा चेहरा उतरला. दोन वाजता, असं ती कसंबसं म्हणाली.

"मी बी येतो," सर म्हणाले आणि आपल्या जागेवर गेले.

तेजश्री धावत श्रीशैलकडे आली. मी सरांना कसं शिकवणार, माझ्या वडिलांहून मोठे आहेत ते, असं तिचं म्हणणं. श्रीशैलने तिला एवढंच सांगितलं की तू सरांना शिकवू नकोस, पोरांना शिकव, सर ऐकतील. आपण तिथे असावं की नसावं यावर त्याने बराच विचार केला आणि गेला नाही. पुढचं सगळं त्याला तेजश्रीने सांगितलं, आणि थोडं धोंडप्पाने.

सर दोनला पाच मिनिटं असताना आले, डोक्याला रुमाल बांधून. बारा-तेरा मुलं होती. ती गप्प झाली. तेजश्री बोलायला लागली तर तिचा आवाज चिरका येऊ लागला. तेव्हा सरांनी एका मुलाच्या हातून प्रिझमची काठी घेतली आणि लांब चालत जाऊन उन्हात उभे राहिले. काठी धरणं हे सगळ्यात नवख्या पोराचं काम. सरांनी ते तासभर केलं. इकडून हात हलला की दुसऱ्या जागी जायचं, काठी सरळ धरायची. ते लांब असल्यामुळे तेजश्रीचा आवाज हळूहळू ताळ्यावर आला.

तासाभराने ते यंत्राजवळ आले. मला दाखव, म्हणाले. मुलांनी वाट दिली. तेजश्रीने यंत्र मुद्दाम हलवून तिपाई नव्याने लावायला सांगितलं, कारण तिथून सुरुवात केली तर सर अडणार नाहीत हे तिला माहीत होतं. सरांनी तिपाईचे पाय पक्के केले, दोन्ही अंगठ्यांनी खालचे स्क्रू एकाच वेळी फिरवले, आणि यंत्र सपाट बसलं की नाही ते दाखवणारा काचेतला बुडबुडा मधोमध येऊन थांबला. अर्धं मिनिटही लागलं नाही. मुलांना याला पाच-सहा मिनिटं लागायची. कुणीतरी परत दाखवा सर, असं म्हटलं. सरांनी परत दाखवलं.

मग यंत्राचा पडदा उजळला आणि ते थांबले. चष्मा काढला, घातला. अक्षरं बारीक होती, एकातून दुसरी यादी उघडत होती. मुलं बघत होती. सरांनी बोट पडद्याजवळ नेलं आणि मागे घेतलं.

"पोरांनो, हितून पुढं मला येत न्हाई," ते म्हणाले. "हे यंत्र आलं त्या पयल्याच दिवशी माझ्या हातून एका वर्गाचं दिवसभराचं काम पुसलं गेलं. चाळीस पोरं उन्हात राबली होती. एक जण हसला. तवापासून हात लावला न्हाई. आठ वर्सं झाली. तुमचं नुकसान केलं मी."

कुणी हसलं नाही. मग ज्योत्स्ना, जिने वही घेऊन झाडाखाली येऊन विचारलं होतं ती, पुढे झाली आणि काम आधी साठवून कसं ठेवायचं, म्हणजे चुकून पुसलं तरी जात नाही, ते तिने सरांना दाखवलं. सर खिशातली डायरी काढून एकेक पायरी लिहून घेऊ लागले. काठीची उंची भरायच्या जागेपाशी आल्यावर त्यांनी पेन थांबवलं, ओढ्याच्या दिशेला बघितलं, आणि त्या दिवशी हे राहिलं होतं तर, असं म्हणाले.

हे ऐकून सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटेल, पण तसं झालं नाही. सरांना ते यंत्र पुढेही हळूहळूच आलं. दोन-तीन शनिवार ते चिडून अर्ध्यातून निघून गेले. नोव्हेंबरपासून प्रॅक्टिकल दोघांनी मिळून घ्यायचं ठरलं, तर सर मध्येच बोलतात, माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, अशी तेजश्रीची तक्रार आली. श्रीशैलने ती सरांना सांगितली, या वेळी त्याच दिवशी. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पुढच्या तासाला हाताची घडी घालून बसले. मुलांच्या वह्या सुधारल्या. बुडबुडा मिनिटात आणणारी पाच-सहा मुलंही तयार झाली. विद्यापीठाच्या मदतीच्या रकान्यात श्रीशैलने मोठ्या पडद्याचं जोडयंत्र मागितलं होतं, ते आलं नाही. धोंडप्पाने कुठूनतरी एक भिंग आणून दिलं.

जानेवारीत तीन नवे लेक्चरर रुजू झाले. त्यांना पहिला आठवडा कुणाच्या हाताखाली द्यायचं, याचा निर्णय श्रीशैलचा होता. त्याने सर आणि तेजश्री दोघांची नावं लिहिली आणि आधी दोघांना विचारलं. तेजश्रीने लगेच हो म्हटलं. सरांनी एक दिवस घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विद्यापीठाच्या बसमध्ये सर त्याच्या शेजारी येऊन बसले. चार महिन्यांत पहिल्यांदा. बस हुमनाबाद रस्त्याला लागली तरी ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले की नव्या पोरांचं करतो, पण माझ्या पद्धतीने. श्रीशैलने मान हलवली.

"त्या रविवारी तू गेल्यावर मला लई राग आला," सर म्हणाले. "स्वतःचाच आला असं म्हणून मोकळं व्हता येईल. पर तुजाच आला. अजून हाय थोडा."

"असू दे सर."

"तू आला नसतास तर दोन वर्सांनी मी हार घालून घरी गेलो असतो. तुमी सगळ्यांनी भाषणं केली असती. आन मागनं सांगितलं असतं, म्हाताऱ्याला येत न्हवतं म्हणून." त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "पर आठ वर्सं लागली का रे तुला?"

श्रीशैलने खरं तेच सांगितलं. मधली तीन वर्षं तो इथे नव्हता. उरलेल्या वर्षांत त्याने बघितलंच नाही, कारण सरांकडे तसं बघायची त्याला सवय नव्हती. आणि बघितलं तेव्हाही आधी खोटंच लिहिलं. तेजश्री येऊन बोलली नसती तर तो कागद तसाच गेला असता. ती बोलली हे सरांना ठाऊक नव्हतं. ते वळून त्याच्याकडे बघत राहिले.

"ती बोलली? तुला?"

"व्हय."

सर पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. बसमधली मुलं मागे कानडी आणि मराठी मिसळून गप्पा मारत होती. कोळारच्या फाट्यावर बस थांबली, पाळी बदललेले चार-सहा कामगार रस्ता ओलांडून गेले.

"तिला पीएच.डी.ला पाठव," सर म्हणाले. "पुढच्याच वर्सी. इथं रुतू देऊ नको."

तिचे तास कोण घेणार, असं श्रीशैलने विचारलं नाही. सरांनीही त्याबद्दल काही म्हटलं नाही. कुठल्या विद्यापीठात कोण चांगला मार्गदर्शक आहे, तेजश्रीचं इंग्रजी लिहिणं आधी कुणाकडून तपासून घ्यावं, घरचे लग्नाचं काढतील तर तिच्या वडिलांशी कुणी बोलायचं, याचं बोलणं सरांचा स्टॉप येईपर्यंत चाललं. उतरताना त्यांनी ड्रायव्हरला थांब म्हणून हात केला, पिशवी खांद्याला लावली, आणि तिच्या घरी करजगीला जायचंच झालं तर आपण दोघं जाऊ, असं पायरीवरून सांगून ते उतरले.